चार दिवसांचा मंगळवार

सव्विसाव्या वर्षी मी सातमाळा विद्यापीठाच्या संगणक केंद्राचा संचालक झालो. एवढ्या लहान वयात अशा खुर्चीत बसलेला मी बहुधा पहिलाच.

असं काही झालेलं नाही. विद्यापीठाच्या दप्तरी तशी नोंद नाही, कुलसचिवांना आठवत नाही, आणि मलाही आठवू नये असं मला लेखी कळवण्यात आलेलं आहे. तेव्हा ते सोडून देऊ. मी सांगतोय ती गोष्ट सहा वर्षांपूर्वीच्या एका सोमवारपासून सुरू होते. मी करारावरचा प्रोग्रामर होतो, लागून पाच महिने झाले होते, आणि सकाळी येऊन बघतो तर माझ्या टेबलावर एक पत्र पडलेलं होतं.

पत्र शासनाचं होतं. 'आपल्या विद्यापीठाच्या संगणक प्रणालीत सर्वाधिकार असलेल्या व्यक्तींची यादी तात्काळ पाठवावी.' 'तात्काळ'खाली लाल रेघ होती आणि पत्र आठ महिन्यांपूर्वीचं होतं.

यादी काढायला मला दोन मिनिटं लागली. यादीत एकच नाव होतं. व. शं. बारहाते, सिस्टीम मॅनेजर. विद्यापीठाची सगळी प्रणाली याच माणसाने लिहिली होती. परीक्षेचे अर्ज, निकाल, हजेरी, पत्रांचे जावक क्रमांक, सगळं. मात्र बारहाते सर चार वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. मी त्यांना ओळखत होतो ते भिंतीवरच्या निरोप समारंभाच्या फोटोतून. त्यात ते खांद्यावर शाल घेऊन, हातातल्या नारळाकडे संशयाने बघत उभे होते.

नावापुढे शेवटचं लॉगिन दिलं होतं. आज, सकाळी दहा एकेचाळीस.

मी घड्याळ बघितलं. दहा सत्तेचाळीस. मी फोटो बघितला. मग खोलीतली माणसं बघितली. खोलीत मी सोडून एकच माणूस होतं, वैजयंता घुगे. त्यांना सगळे वैजूताई म्हणत. चौदा वर्षं त्या इथे ऑपरेटर होत्या, दर अकरा महिन्यांनी नव्याने लागत आणि दर अकरा महिन्यांनी संपत. त्या आठवड्यात शुक्रवारी व्यवस्थापन परिषदेची बैठक होती. कराराच्या अकरा लोकांना कायम करण्याची यादी तिच्यापुढे जाणार होती. वैजूताईंचं नाव सातवं. अट एकच, उमेदवारावर चौकशी चालू नसावी.

"काय रे निनाद, असं काय बघतोयस?" वैजूताईंनी विचारलं.

"काही नाही ताई."

"मग पाणी पी. आणि आज तरी वास न घेता पी."

मला बाटलीतल्या पाण्याचा वास घेऊन पाणी प्यायची सवय आहे. माणूस एकदा फसला की सावध होतो. मी एकदाही फसलेलो नाही, त्याचं कारण हेच.

मी यादी घेऊन प्रभारी संचालकांकडे गेलो. आमच्या केंद्राला चार वर्षांत संचालक मिळाला नव्हता, प्रभारी मात्र सात मिळाले होते. एक संस्कृतचे, एक क्रीडा विभागाचे, एक तर फक्त दोन आठवड्यांसाठी, विद्यापीठाच्या दवाखान्याचे डॉक्टर. सध्याचे डॉ. निकुंभ वनस्पतिशास्त्राचे. शेवाळावर त्यांचा अधिकार होता. त्यांची खोली केंद्राला लागून होती, म्हणून कार्यभार त्यांच्याकडे आला, असं ते स्वतःच सांगायचे.

त्यांनी यादी वाचली, चष्मा काढला, पुसला, आणि पुन्हा घालायचं टाळलं.

"ढोकणे, हे तुम्ही कोणाला दाखवलं?"

"तुम्हालाच सर."

"मग मीही पाहिलेलं नाही. चष्मा नव्हता मला."

"पण सर, कोणीतरी बारहाते सरांच्या नावाने रोज आत शिरतंय. निकाल त्यांच्याच हातात आहेत. उद्या कोणी गुण बदलले तर?"

"बदललेत का?"

"तपासावं लागेल."

"तपासलं की सापडतं," निकुंभ सर म्हणाले. "शेवाळाचंही तसंच आहे. तुम्ही असं करा, शासनाला 'निरंक' कळवा."

हा माणूस यात आहे, असं माझ्या लगेच लक्षात आलं. मी 'बरं सर' म्हणालो आणि तडक कुलसचिवांकडे गेलो.

कुलसचिव पाथ्रीकर साहेब हे विद्यापीठातले सर्वांत सावध गृहस्थ. चहा घरून थर्मासमध्ये आणत, थर्मास कपाटात ठेवत, आणि कपाटाची किल्ली जानव्याला बांधलेली असते अशी वदंता होती. त्यांनी माझा कागद वाचला. मग उठून दार लावलं. मग दारापाशी कान देऊन उभे राहिले.

"निकुंभांना माहीत आहे?"

"ते म्हणाले, त्यांना चष्मा नव्हता."

"हं." त्यांनी कागदाची घडी घातली. "त्रिसदस्यीय समिती. मी अध्यक्ष, निकुंभ सदस्य, तुम्ही सदस्य-सचिव."

"निकुंभ सर समितीत? मला त्यांचाच संशय आहे साहेब."

"म्हणूनच. बाहेर ठेवले तर ते काय करतात हे आपल्याला कळणार कसं? आणि ढोकणे, तुम्हाला तरी समितीत का घेतलं असं वाटतं?"

खोलीतून बाहेर पडेपर्यंत मला स्वतःचाही थोडा संशय यायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी चौदा तारखेला, मी दहा वाजून पस्तीस मिनिटांनी जिन्याखाली जाऊन उभा राहिलो. केंद्र तळघरात आहे, आत फोनला रेंज येत नाही. कोणाला फोन करायचा तर जिन्याच्या सातव्या पायरीवर जावं लागतं. माझं लक्ष निकुंभ सरांवर होतं. दहा चाळीसला पावलं वाजली आणि वैजूताई आल्या.

त्या सातव्या पायरीवर बसल्या. फोन लावला.

"हां सर. काय आलंय?" एवढंच म्हणाल्या आणि डाव्या तळहातावर पेनाने लिहायला लागल्या. मी मोजले. सहा आकडे. मग म्हणाल्या, "गुडघा कसा आहे? शेक द्या. बरं, ठेवते."

आणि खाली आल्या. बरोबर दहा एकेचाळीसला बारहाते सर विद्यापीठाच्या प्रणालीत शिरले.

वैजूताई रोज मला डब्यातली अर्धी भाकरी देत असत. पण मग मला वाटलं, का देत असतील? मी एक पानाचा अहवाल लिहिला. त्यात 'तळहात' हा शब्द चार वेळा आला. दुपारी बारा वाजता वैजूताईंना कारणे दाखवा नोटीस मिळाली, आणि सुनावणी होईपर्यंत संगणकाला हात लावायला मनाई झाली.

त्यांनी नोटीस वाचली. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता रडतील किंवा शिव्या देतील.

"उद्या सकाळी कोण बसणार आहे माझ्या जागेवर?" त्यांनी विचारलं.

"कोणी नाही. का?"

"काही नाही. बरं," त्या म्हणाल्या आणि पर्स उचलून गेल्या.

बुधवारी पावणेअकराला, हजेरी सुरू व्हायच्या नेहमीच्या वेळी, मी मशीनवर अंगठा ठेवला. मशीन म्हणालं, 'आपण आज आधीच आला आहात.'

माझ्यामागे वीसेक लोकांची रांग होती. सगळे आज आधीच आलेले होते. काहींनी मशीनचं म्हणणं मान्य केलं आणि घरी गेले. आत येऊन बघतो तर प्रत्येक पडद्यावर तारीख होती चौदा, मंगळवार. काढलेल्या प्रत्येक पत्रावर चौदा. ग्रंथालयात कोणाचंही पुस्तक परत करायची वेळ होईना. परीक्षेचा अर्ज भरायची शेवटची तारीख चौदा होती, तेव्हा जी पोरं अर्ज भरायचं विसरली होती ती बाहेर एकमेकांना मिठ्या मारत होती. इतिहासाच्या एका प्राध्यापकांनी एक दिवसाची किरकोळ रजा टाकली होती. ते त्या रजेवर गावी गेले आणि निवांत राहिले.

प्रणालीच्या पहिल्या पानावर एक हिरवं बटण होतं. 'दिवस सुरू करा.' बारहाते सरांनी ते ठेवलं होतं. रोज सकाळी सर्वाधिकार असलेल्या माणसाने ते दाबायचं, तेव्हा कुठे विद्यापीठात नवा दिवस उगवतो. नाही दाबलं तर कालचाच चालू राहतो. गेली चार वर्षं वैजूताई रोज दहा एकेचाळीसला हेच करत होत्या. गुणांना त्यांनी बोटही लावलेलं नव्हतं. तेही मी तपासलं. दिवस उघडायचा आणि बाहेर पडायचं, इतकंच.

सुनावणी त्याच दिवशी, म्हणजे दुसऱ्या मंगळवारी, दुपारी झाली. कुलसचिवांच्या दालनात आम्ही तिघं एका बाजूला, वैजूताई दुसऱ्या बाजूला.

"आपण रोज कोणाला फोन करता?" पाथ्रीकर साहेबांनी विचारलं.

"बारहाते सरांना."

"कशासाठी?"

"त्यांच्या नावाने आत गेलं की त्यांच्या मोबाइलवर सहा आकडे येतात. ते घेतल्याशिवाय दिवस उघडत नाही."

"एका निवृत्त माणसाच्या मोबाइलवर?"

"नंबर बदलायला संचालकांची मंजुरी लागते. संचालक नाहीत. प्रभारींना ती देता येत नाही, तुमच्या विधी विभागानेच तसं लिहून दिलंय. सर, फोन लावा ना त्यांना. तुम्हीच विचारा."

साहेबांनी नाइलाजाने फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पहिली घंटा पूर्ण व्हायच्या आत उचलला गेला.

"वैजू? अगं कुठे आहेस तू? मी सकाळपासून गच्चीवर बसलोय. आकडेच आले नाहीत! दिवस उघडला की नाही?"

"मी कुलसचिव बोलतोय."

"अहो पाथ्रीकर साहेब! नमस्कार, नमस्कार. बरं झालं तुम्हीच लावलात. तुम्ही म्हणाला होता ना, दोन महिने चालू द्या, नवा संचालक येईपर्यंत? आता चार वर्षं झाली, तेवढं जरा..."

साहेबांनी फोन बंद केला.

"रेंज गेली," ते म्हणाले. दालनाची खिडकी टॉवरसमोरच होती. "ढोकणे, लिहा. संबंधितांशी संपर्क होऊ शकला नाही."

मी लिहिलं. लिहिताना मी तिघांकडे आळीपाळीने बघत होतो. साहेबांना सगळं माहीत होतं. निकुंभ सरांना माहीत होतं. त्यांच्या आधीच्या सहाही जणांना माहीत असणार, कारण प्रत्येकाने कार्यभार घेताना 'सर्व सुस्थितीत मिळाले' अशी सही केली होती. माहीत नसलेला असा संपूर्ण विद्यापीठात मी एकटा होतो, आणि सदस्य-सचिवही मीच.

तिसऱ्या मंगळवारी, म्हणजे गुरुवारी, बारहाते सरांनी स्वतःच केंद्राच्या लँडलाइनवर फोन केला. समिती तिथेच बसली होती. निकुंभ सरांनी उत्सुकतेपोटी बारहाते सरांच्या नावाने आत जायचा प्रयत्न करून बघितला होता.

"आले, आले!" सर ओरडले. "घ्या, लिहून घ्या. चार, शून्य..."

निकुंभ सरांनी दोन्ही कानांत बोटं घातली. साहेब मोठ्याने खोकायला लागले. आम्हीच कालच्या कागदात लिहिलं होतं की हे आकडे घेणं हा गंभीर गैरप्रकार आहे, तेव्हा ते घेणार कोण? आकडे पाच मिनिटं जिवंत असतात. पाच मिनिटं आम्ही तिघं त्या रिसीव्हरभोवती बसून होतो, आणि पलीकडून एक म्हातारा पुन्हा पुन्हा तेच सहा आकडे सांगत होता. मग ते मेले.

"मी काही ऐकलं नाही," साहेब म्हणाले.

"मीही नाही," निकुंभ सर कानातली बोटं न काढता म्हणाले.

शुक्रवारी अकराला व्यवस्थापन परिषद होती. विषयपत्रिकेवर सतरा तारीख यायला हवी होती आणि यंत्र चौदाच्या पुढे जायला तयार नव्हतं. सकाळी साडेनऊला साहेबांनी मला दालनात बोलावलं. निकुंभ सर आधीच बसले होते. दार लावलेलं होतं.

"ढोकणे, यातून एकच मार्ग आहे," साहेब म्हणाले. "संचालक नेमायचा. तो नंबर बदलेल, दिवस उघडेल. कुलगुरू परदेशात आहेत, पण फोनवर होकार दिलाय त्यांनी. कर्मचारी क्रमांक एक हा संचालकासाठी राखीव आहे. बारहात्यांनी प्रणालीत ठेवला, तेव्हापासून कोणी वापरलेला नाही."

"मग निकुंभ सरांना..."

"माझी दोन वर्षं राहिलीत," निकुंभ सर घाईने म्हणाले. "आणि पुस्तक अपुरं आहे."

"कायम माणूस नेमला तर त्याला काढायला वर्षं जातात," साहेब म्हणाले. "करारावरच्याचं तसं नसतं. तुम्हाला दुपारपर्यंत अनुभव मिळेल. प्रमाणपत्र देऊ." त्यांनी दोन कागद पुढे सरकवले. एक माझा नियुक्ती आदेश, हाताने लिहिलेला, तारीख चौदा. दुसरा समितीचा अहवाल. "दिवस उघडायच्या आधी संचालक म्हणून यावर सही लागेल. श्रीमती घुगे यांनी कोणाच्याही आदेशाशिवाय, परस्पर लॉगिन वापरलं, असं आहे. बाकी कोणाचं नाव नाही. तुमचंही नाही."

"पण साहेब, तुम्हीच तर त्यांना..."

"मी काय, ढोकणे?"

ते अगदी शांतपणे माझ्याकडे बघत होते. निकुंभ सर पंख्याकडे बघत होते. माझ्याही कराराचे सहा महिने उरले होते. मी आदेश घेतला. अहवालही घेतला आणि म्हणालो, आधी नंबर बदलून बघू, जमतंय का ते. मग करतो सही.

खाली केंद्रात येऊन मी क्रमांक एक टाकला. खरं तर तो टाकायला गेल्या चार वर्षांत कोणालाही बोटं होती. फक्त हातात कागद कोणाच्या नव्हता. यंत्राने मला 'संचालक महोदय' म्हटलं. मी बारहाते सरांचा नंबर खोडून माझा घातला. पडद्यावर आलं, 'आपल्या मोबाइलवर सहा आकडे पाठवले आहेत.' तळघरात रेंज नाही. मी उठलो.

"कुठे निघालात?" साहेब पाठोपाठ उतरले होते, दारातच उभे होते.

"सातव्या पायरीवर, साहेब."

सातव्या पायरीवर वैजूताई बसल्या होत्या, मांडीवर डबा. मनाई संगणकाला हात लावायची होती, यायची नव्हती. मशीनच्या म्हणण्याप्रमाणे तर त्या मंगळवारपासून कार्यालयातच होत्या.

"झालास का संचालक?" त्या म्हणाल्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

"नाहीतर तू या पायरीवर कशाला येशील? तू खालीच उभा असतोस. मंगळवारी बूट दिसत होते तुझे."

मी खाली बसलो. माझा फोन थरथरला. सहा आकडे आले होते.

"ताई, तुम्हाला दिसलो होतो तर फोन का केलात?"

"कारण केला नसता तर तू अहवाल काय लिहिला असतास?" त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "ते शासनाचं पत्र आठ महिने माझ्या खणात होतं. मीच ठेवलं तुझ्या टेबलावर."

"तुम्ही?"

"नंबर बदला म्हणून मी सात अर्ज केले. सात प्रभारी, प्रत्येकाला एक. एकाचंही उत्तर नाही. बारहाते सरांची मुलगी मस्कतला असते. तिला मुलगी झाली, ती आता चालायला लागली. सर गेले नाहीत. म्हणतात, तिथे आकडे आले नाहीत तर? चार वर्षांत रेंज सोडून गेले नाहीत ते. बहिणीच्या तेराव्याला गेले, ते दहा एकेचाळीसनंतर." त्यांनी डबा पर्समध्ये ठेवला. "इथे अर्जाला कोणी उत्तर देत नाही रे. संशयाला मात्र समिती बसते. आणि तुझ्याइतका संशयी माणूस या केंद्रात आधी आला नव्हता."

"मग तुम्ही मला नुसतं सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर विश्वास ठेवला असतास?"

मी फोनवरचे आकडे पुन्हा मोजले. सहाच होते.

"माझं एकच गणित चुकलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, हे कोणाच्या परवानगीने चालतं म्हणून तू निकुंभ सरांना धरशील. ते कायम आहेत, त्यांना काही झालं नसतं. तू नेमका मला धरलंस." त्या हसल्या, पण हसू पुरं झालं नाही. "चौदा वर्षं, निनाद. सातवं नाव होतं. आता किती वाजले?"

"दहा अठ्ठावीस."

"आकडे कधी आले?"

"तीन मिनिटं झाली."

"मग ऊठ की. संचालक ना तू?"

मी खाली आलो. साहेब आणि निकुंभ सर माझ्या खुर्चीच्या मागे येऊन उभे राहिले. मी आकडे टाकले. सर्वाधिकार मिळाले. पडद्यावर हिरवं बटण होतं, आणि शेजारी 'आदेश काढा' असं एक करड्या रंगाचं, ज्याच्याकडे आजवर कोणाचं लक्ष गेलं नसेल. मी करडं दाबलं आणि टाइप करू लागलो.

"काय टाइप करताय, ढोकणे?"

"दिवस, साहेब."

"दिवस एवढा लांब असतो?"

"हा चार दिवसांचा आहे."

कोपऱ्यातला प्रिंटर घरघरला. साहेबांनी कागद उचलून वाचला. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. त्यात लिहिलं होतं की श्रीमती वैजयंता घुगे यांनी गेली चार वर्षे केलेली सर्व लॉगिन ही कुलसचिवांच्या तोंडी सूचनेनुसार व विद्यापीठाच्या हितासाठी केलेली असून संचालक त्यांस कार्योत्तर मंजुरी देत आहेत; सबब चौकशी आजच बंद करण्यात येत आहे. जावक क्रमांक होता. तारीख चौदा.

"हे काय आहे?"

"मंजुरी. संचालकांची."

"कोण संचालक?"

"सध्या तरी मीच, साहेब. तुमचीच सही आहे."

"ढोकणे, तुमचा करार..."

"सहा महिने आहे. पण यंत्रात तो दिवस यायचा तर आधी आजचा उघडायला हवा." मी हिरव्या बटणावर बाण नेऊन ठेवला. "अकराला पंचवीस मिनिटं आहेत. हा आदेश रद्द करायचा तर संचालकांची सही लागेल. दिवस उघडायचा तरीही तेच. काय करू?"

निकुंभ सरांनी हळूच चष्मा काढून खिशात ठेवला.

साहेबांनी घड्याळ बघितलं. मग कागदाची नीट घडी घालून त्यांनी तो फाइलमध्ये ठेवला, समितीचा तो दुसरा अहवाल माझ्या टेबलावरून उचलला, आणि म्हणाले, "उघडा."

मी उघडला. सगळ्या पडद्यांवर एकदम शुक्रवार आला, सतरा तारीख. वरच्या मजल्यावर कोणीतरी आरडाओरडा केला. ती परीक्षेचे अर्ज न भरलेली पोरं असावीत.

परिषदेने अकराही नावं कायम केली. माझ्याबद्दल सोमवारी पत्र आलं. त्यात पाथ्रीकर साहेबांनी कळवलं होतं की चौदा तारखेला डॉ. निकुंभ प्रभारी संचालक म्हणून कार्यरत होते, एका दिवशी एका पदावर दोन व्यक्ती असू शकत नाहीत, त्यामुळे श्री. निनाद ढोकणे यांची नियुक्ती झालेलीच नाही व त्यांनी तसे आठवू नये. मात्र त्या नियुक्तीअन्वये घेतलेले निर्णय रद्द केल्यास विद्यापीठ पुन्हा मंगळवारात जाण्याचा संभव असल्याने, ते सर्व निर्णय कायम ठेवण्यात येत आहेत.

सहा महिन्यांनी माझा करार संपला आणि नवा झाला नाही. बारहाते सर मस्कतला जाऊन आले. आता मी नाशिकला द्राक्षांच्या शीतगृहांसाठी प्रोग्राम लिहितो. रोज दहा चाळीसला फोन वाजतो.

"काय आलंय, निनाद?" वैजूताई विचारतात. त्या आता कायम आहेत, अधीक्षक आहेत, त्यांच्या हाताखाली दोन माणसं आहेत. मी आकडे सांगतो. मग त्या माझ्या पाठदुखीची चौकशी करतात.

माझ्या लग्नाचा मुहूर्त नेमका दहा एकेचाळीसचा होता. वैजूताई लग्नाला आल्या होत्या आणि त्यांची दोन माणसं पलीकडे फोन धरून बसली होती. अंतरपाट समोर असताना मी आकडे सांगितले. बायकोला वाटलं, मंत्र आहे. अजून तिला संशय आहे, पण तो वेगळा विषय.

रेंज नसलेल्या गावी मी सहा वर्षांत गेलेलो नाही. नंबर बदला म्हणून विद्यापीठाकडे सात अर्ज केले. हा आठवा.

प्रति,
मा. संचालक, संगणक केंद्र, सातमाळा विद्यापीठ (पद रिक्त)

विषय : कार्यमुक्त करणेबाबत.

महोदय,
उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की, मी आपल्या विद्यापीठात कधीही संचालक नव्हतो व त्या पदाचे काम गेली सहा वर्षे नियमितपणे, सुट्टीचे दिवस धरून, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी करीत आहे. माझा मोबाइल क्रमांक बदलण्यास नियमानुसार संचालकांची मंजुरी आवश्यक असून ती देण्यास माझी काहीही हरकत नाही. परंतु मी संचालक नसल्याने मला ती देता येत नाही. तरी कृपया मला, मी न धारण केलेल्या पदावरून, विनाविलंब कार्यमुक्त करण्यात यावे, आणि शक्य झाल्यास येत्या मे महिन्यात आठ दिवस, सकाळी दहा ते अकरा या वेळेत, रेंजबाहेर जाण्याची परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.

आपला विश्वासू,
निनाद ढोकणे
कर्मचारी क्रमांक एक